साक्षीचा धर्म

डोंगरकडा हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील, केळी आणि हळदीच्या शिवारांत वसलेले गाव. अशा एखाद्या गावात घर फुटते, मारामारीत रक्त सांडते किंवा त्याहूनही भयंकर काही घडते, तेव्हा पोलिसांची गाडी येते आणि अंमलदार प्रथम दोन माणसे शोधू लागतो. ही माणसे संशयित नसतात, फिर्यादीही नसतात. ती पंच असतात. झडती घेताना त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी उपस्थित असावेत, असे कायदा सांगतो. घटनास्थळाचा आणि जप्तीचा पंचनामा करतानाही तशीच प्रथा आहे. बाजारपेठेतला दुकानदार या वर्णनात नेमका बसतो. त्याचे दुकान उघडे असते, त्याला लिहितावाचता येते, त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. मराठवाड्यातील लहान गावांत ज्या जैन कुटुंबांचे किराणा, कापड वा आडतीचे दुकान आहे, त्यांच्या उंबरठ्याशी हा प्रसंग केव्हाही येऊ शकतो.

तो आला की पुढे बहुधा काय घडते, हेही सर्वपरिचित आहे. दुकानदार गल्ला बंद करून निरुपायाने निघतो. जे दाखवले जाते ते लांबून पाहतो. लिहिलेला कागद समोर आला की न वाचताच सही करतो आणि दुकानात परततो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण त्याच्या मनात पक्की बसलेली असते. पण सही केली त्या क्षणी त्याने ती पायरी चढलेली असते, एवढे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही. काही वर्षांनी समन्स येते. मधल्या काळात आरोपीचे नातलग दुकानी येऊन गेलेले असतात. त्यांची उधारीची खाती चालू असतात, मुलांच्या लग्नपत्रिका एकमेकांच्या घरी पोहोचलेल्या असतात. ‘शेठजी, तुमचे यात काय जाते?’ असा साधा प्रश्न विचारला जातो. मग साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून दुकानदार सांगतो : सही माझी आहे, पण मजकूर मला वाचून दाखवला नव्हता. माझ्यासमोर काही जप्त झाले नाही.

सरकारी वकील त्याला फितूर घोषित करण्याची विनंती करतात. खटला त्या एका उत्तराने कोसळतोच असे नाही. तपासी अधिकाऱ्याची साक्ष विश्वसनीय वाटली तर न्यायालय तिच्यावर विसंबू शकते. पण साखळीतली एक कडी सैल होते. अशा दोन-तीन कड्या सैल झाल्या की संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो मिळणे न्यायाला धरूनच असते. निकालपत्रावर न्यायाधीशांची सही असते. त्या निकालाचा काही अंश एका दुकानदाराने लिहिला, हे गावात कोणी बोलत नाही आणि दुकानदारालाही तसे वाटत नाही.

फौजदारी खटल्याचा निकाल कायद्याचे पंडितच ठरवतात, ही समजूत मुळातच अपुरी आहे. सामान्य माणसाचा त्यातील वाटा जुना आहे, आणि एके काळी तो उघड व अधिकृत होता. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्युरी बसत असे. कायद्याचे शिक्षण नसलेले नऊ नागरिक पुरावा ऐकत आणि आरोपी दोषी की निर्दोष हे सांगत. महाराष्ट्राला या पद्धतीचा पहिला मोठा चटका लोकमान्य टिळकांच्या खटल्यांत बसला. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. १९०८ मध्ये सात युरोपीय आणि दोन पारशी ज्युरर होते. ‘केसरी’तील मराठी लेखांचा अर्थ लावण्याचे काम मराठी न जाणणाऱ्या ज्युरीपुढे भाषांतरावरून चालले होते. टिळकांनी स्वतः एकवीस तासांहून अधिक काळ बाजू मांडली. २२ जुलै १९०८ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी दोषी असा कौल आला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. ज्या माणसांनी मूळ लेख वाचलाच नव्हता, त्यांनी त्या लेखाचा हेतू ठरवला.

पुढे पन्नास वर्षांनी, स्वतंत्र भारतात, हीच पद्धत दुसऱ्या टोकाने डळमळली. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर पिस्तुलाने गोळ्या झाडल्या आणि स्वतःहून पोलिसांत हजर झाले. सत्र न्यायालयात न्यायाधीश रतिलाल मेहता यांच्यापुढे खटला चालला. न्यायालयाबाहेर गर्दी जमे. रूसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने कमांडरांची बाजू उघडपणे उचलून धरली. एकीकडे गणवेशातील, पदके लावलेला, फसवला गेलेला पती, दुसरीकडे श्रीमंत विलासी तरुण, असे चित्र घरोघरी रंगले. ऑक्टोबरमध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटी निर्दोष असल्याचे सांगितले.

कोणतीही विचारी ज्युरी या पुराव्यावरून असा निर्णय देऊच शकत नाही, असे न्यायाधीश मेहता यांचे मत झाले. त्या वेळच्या कायद्याने दिलेल्या अधिकारानुसार त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने नानावटी यांना खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

या एका खटल्यामुळे भारतातील ज्युरी पद्धत संपली, असे अनेकदा सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. तो गोळीबार होण्यापूर्वीच, १९५८ मध्ये, विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्युरी बंद करण्याची शिफारस केली होती. नानावटी खटल्यानंतरही काही ठिकाणी ज्युरी काही काळ चालू राहिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही आणि १ एप्रिल १९७४ पासून ती संहिता लागू झाली. आज पारशी समाजाच्या विवाहविषयक न्यायालयांत न्यायाधीशांना साहाय्य करणारे समाजाचे प्रतिनिधी बसतात. त्या जुन्या पद्धतीची तेवढीच एक आठवण देशात शिल्लक आहे.

कारण काहीही असो, निर्णयाच्या आसनावरून सामान्य माणूस उठवला गेला. त्याच्या भावना, त्याचे पूर्वग्रह आणि त्याने वाचलेले वृत्तपत्र न्यायाच्या आड येऊ नये, हा हेतू होता. परंतु त्यामुळे सामान्य माणसाचा प्रभाव नाहीसा झाला, असे मानणे भ्रामक आहे. ज्युररची खुर्ची गेली, साक्षीदाराचा पिंजरा राहिला. न्यायाधीश कितीही विद्वान आणि निःस्पृह असले, तरी डोंगरकड्याच्या शिवारात काय घडले हे त्यांनी पाहिलेले नसते. ते पाहिलेला सालगडी असतो, शेजारीण असते, चहाच्या टपरीवर बसलेला माणूस असतो. अमुक इतके साक्षीदार असलेच पाहिजेत, असा आपला कायदा म्हणत नाही. एकाच विश्वासार्ह साक्षीवर शिक्षा होऊ शकते. म्हणजे ज्युरीत नऊ माणसांत विभागलेले ओझे कधी कधी आज एकाच माणसाच्या शिरावर असते.

ते ओझे खाली टाकले गेले की काय होते, हे वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात देशाने पाहिले. १ मार्च २००२ रोजी तेथे चौदा जणांचा बळी गेला. २००३ मध्ये जलदगती न्यायालयात अनेक साक्षीदार फिरले आणि सर्व एकवीस आरोपी सुटले. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचारणेचा आदेश दिला आणि साक्षीदारांना निर्भयपणे बोलता यावे म्हणून खटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवण्यास सांगितले. मुंबईतील न्यायालयाने २००६ मध्ये नऊ जणांना दोषी ठरवले. पुढे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवून पाच जणांना निर्दोष मुक्त केले. जी तरुणी या प्रकरणातील मुख्य साक्षीदार होती आणि जिने आपल्या घरची माणसे गमावली होती, तिला वारंवार जबाब बदलल्याबद्दल न्यायालयाच्या अवमानासाठी एक वर्षाचा कारावास भोगावा लागला. भय, दडपण आणि खोटेपणा यांची सीमारेषा किती पुसट असते, हे त्या एका शिक्षेतून उमगते. त्याचबरोबर साक्ष बदलल्याने दोन्ही बाजूंचे नुकसान होते, हेही कळते. अपराधी सुटू शकतो आणि निरपराधही वर्षानुवर्षे तुरुंगात राहू शकतो.

दुसरा प्रभाव आहे लोकचर्चेचा. १९५९ साली ती आठवड्यातून एकदा छापून येत असे, आज ती दर घटकेला मोबाइलवर येते. एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जो समांतर खटला चालवला, त्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी सविस्तर निकाल दिला. तपास चालू असताना अशा प्रकारचे वार्तांकन न्यायाच्या कामात हस्तक्षेप करते, असे न्यायालयाने बजावले. वाहिन्यांना बजावणे न्यायालयाच्या हाती आहे. समाजाच्या, कुटुंबाच्या आणि गावाच्या व्हॉट्सअॅप गटांवर कोणी काय पाठवावे, हे मात्र ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवलेले आहे. अटक झाली की छायाचित्रासह ‘नराधम’ म्हणून संदेश फिरतो. त्याच गटात उद्याचा साक्षीदार असतो. त्याने प्रत्यक्ष पाहिलेले आणि गटावर वाचलेले हळूहळू एकत्र मिसळते आणि पुढे ते वेगळे करणे त्याला स्वतःलाही जमत नाही.

जैन गृहस्थाला हा सारा विषय परका वाटण्याचे कारण नाही. श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रतात त्याचे स्पष्ट विवेचन आहे. आचार्य हेमचंद्रांच्या ‘योगशास्त्रा’त स्थूल असत्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. कन्येविषयी खोटे बोलणे, गाईगुरांविषयी खोटे बोलणे, जमिनीविषयी खोटे बोलणे, कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणे आणि कूटसाक्ष्य, म्हणजे खोटी साक्ष. स्थानकवासी परंपरेच्या श्रावक प्रतिक्रमणात याच पाचांची आलोचना होते आणि ‘कूडसक्खिज्जे’ हा शब्द हजारो मुखांतून उच्चारला जातो. ‘तत्त्वार्थसूत्रा’त सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे. दुसऱ्याने जे केले किंवा बोलले नाही ते त्याने केले वा बोलले, असे लिहून ठेवणे, हा तिचा आशय. पंचाच्या प्रसंगाला हे दोन्ही शब्द किती अचूक लागू पडतात! न पाहिलेल्या गोष्टीच्या पंचनाम्यावर सही करणे म्हणजे कूटलेखाला हातभार, आणि पाहिलेली गोष्ट न्यायालयात नाकारणे म्हणजे कूटसाक्ष्य. पहिल्याने निरपराधावर संकट येऊ शकते, दुसऱ्याने पीडितावर. शिरड शहापूरला मल्लिनाथ प्रभूंच्या चरणी मस्तक ठेवून परतणाऱ्या श्रावकाने हे दोन शब्द न्यायालयाच्या दारापर्यंत बरोबर न्यावेत, अशीच पूर्वाचार्यांची अपेक्षा असणार.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो क्षुल्लक नाही. अहिंसा हा ज्याचा परमधर्म, त्याने आपल्या वाणीने कोणाला तुरुंगात धाडावे काय? आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त, ज्याने दुसऱ्यावर विपत्ती ओढवेल असे सत्यही बोलू नये, असे सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन साक्ष फिरवणारा स्वतःला दयाळू समजू शकतो. पण ही दया तपासून पाहिली पाहिजे. पारध्याने हरिण कोठे गेले असे विचारले, तर गप्प राहणारा माणूस दुर्बळाचे रक्षण करतो. न्यायालयात मात्र विचारणारा पारधी नसतो. तेथे ज्याच्यावर वार झाला तोच बहुधा दुर्बळ असतो, आणि मौनाचा लाभ ज्याचे हात लांब त्याला होतो. शिवाय साक्षीदार शिक्षा देत नाही. शिक्षा द्यायची की नाही, किती द्यायची, संशयाला जागा आहे काय, हे ठरवणारे दुसरे असतात. साक्षीदाराने पाहिले तेवढे सांगायचे असते. एकावर केलेल्या दयेची किंमत दुसऱ्याच्या अश्रूंनी चुकवली जात असेल, तर तिला करुणा म्हणता येत नाही.

क्षमेला कायद्याने दार ठेवलेले आहे, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. काही अपराध कायद्यानेच तडजोडयोग्य ठरवले आहेत. साधी मारहाण, बदनामी, घरात बेकायदा शिरणे अशा बाबतींत पीडित व्यक्ती उघडपणे तडजोड करू शकते. काही अपराधांत त्यासाठी न्यायालयाची अनुमती लागते. क्षमावाणीच्या दिवशी ज्याला खरोखर क्षमा करावीशी वाटते, त्याला हा मार्ग मोकळा आहे. पण ती क्षमा करण्याचा अधिकार ज्याला दुखापत झाली त्याचा. शेजाऱ्याने परस्पर खोटे बोलून ती वाटून टाकायची नसते. खून, दरोडा, बलात्कार यांसारखे अपराध तर समाजाविरुद्धचे मानलेले असल्याने ते गावकीत ‘मिटवता’ येत नाहीत.

अनेकांताचा आधारही कधी कधी चुकीच्या कामी घेतला जातो. प्रत्येकाचे आपापले सत्य असते, मग साक्ष देऊन काय साधणार, असा सूर ऐकू येतो. अनेकांत असे सांगत नाही. हत्तीचा पाय चाचपणाऱ्या आंधळ्याची चूक पाय खांबासारखा आहे असे म्हणण्यात नव्हती. संपूर्ण हत्तीच खांबासारखा आहे, या आग्रहात ती होती. उत्तम साक्षीदार नेमके हेच भान ठेवतो. मी ओट्यावर होतो, अंधार होता, विजेच्या खांबाखाली दोन माणसे दिसली, एकाला आवाजावरून ओळखले, दुसऱ्याला ओळखले नाही. एवढे पाहिले असेल तर एवढेच सांगावे. पोलिसांना हवे म्हणून दुसऱ्याचे नाव जोडू नये, आणि आरोपीच्या घरच्यांना हवे म्हणून पहिल्याचे गाळू नये. स्याद्वादाची अशी शिस्त पाळणाऱ्याला उलटतपासणीची भीती कमी वाटते, कारण सांभाळायला त्याच्याजवळ बनावट असे काहीच नसते.

भय मात्र खरे असते, आणि ते केवळ उपदेशाने जात नाही. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहायचे, जेथील शेतकऱ्यांवर दुकान चालते, तेथे बलवानाविरुद्ध बोलणे सोपे नाही. म्हणूनच राज्याचीही जबाबदारी आहे. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ मध्ये कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. तिच्यानुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करून, धोक्याचे स्वरूप पाहून संरक्षण मागता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्याला अशी योजना करणे बंधनकारक केले आहे. त्याच संहितेनुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते, त्यासाठी मोबाइलही चालतो. ‘माझ्यासमोर काही झाले नाही’ हे उत्तर यापुढे पडद्यावर पडताळून पाहता येईल. तसेच ज्याच्यासमोर खरोखर काही झाले नाही, त्यालाही ते सिद्ध करता येईल. न्यायालयीन कामकाजात जाणूनबुजून खोटी साक्ष देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. झडतीच्या वेळी पंच म्हणून हजर राहण्याचा लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार देणे, हाही अपराध आहे.

तथापि समाजाचे बळ कायद्याहून जवळचे असते. साक्षीला निघालेल्या माणसाबरोबर कळमनुरीला किंवा हिंगोलीला कोणी सोबत गेले, त्या दिवशी त्याचे दुकान कोणी सांभाळले, परतल्यावर त्याच्या घरी कोणी विचारपूस केली, तर त्याचे भय निम्मे होते. मंदिराच्या विश्वस्त मंडळांनी, संघांनी आणि महिला मंडळांनी स्वाध्यायाच्या एखाद्या दिवशी वकिलांना बोलावून पंच व साक्षीदार यांची कर्तव्ये आणि हक्क समजावून घेतले, तर दुसऱ्या अणुव्रताचा तो प्रत्यक्ष पाठ ठरेल. विशेषतः घरातील स्त्रियांनी पाहिलेली घटना ‘बाईमाणसाला कोर्टात कशाला’ म्हणून दडपली जाते. ती सवय मोडली पाहिजे.

आणि प्रत्यक्ष प्रसंग आला तर करायचे ते फार थोडे असते. बोलावले तर जावे. जवळ जाऊन पाहावे. कागद पूर्ण वाचावा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा. न पाहिलेले त्यात असेल तर ते दुरुस्त झाल्याखेरीज सही करू नये. कोऱ्या कागदावर कदापि सही करू नये. घरी आल्यावर तारीख, वेळ आणि पाहिलेल्या गोष्टी स्वतःच्या वहीत टिपून ठेवाव्यात, कारण साक्षीचा दिवस उजाडेपर्यंत स्मृती अंधुक होते. न्यायालयात आठवत नसेल तर आठवत नाही असे सांगावे, आठवत असेल तर आठवते असे सांगावे.

व्यापारी आपल्या खतावणीत एका रुपयाचीही खोटी नोंद होऊ देत नाही, कारण त्या वहीवर त्याच्या घराण्याची पत उभी असते. पंचनाम्यावरची सही हीसुद्धा त्याच हाताची असते. ‘शेठजी, तुमचे यात काय जाते?’ या प्रश्नाला त्याने शांतपणे एवढेच उत्तर द्यावे : माझे व्रत जाते.